कचारगडची यात्रा दिसते, रक्तातला सिकलसेल का दिसत नाही?

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहेशी कोया समाजाचा महासागर उसळतो. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसे येतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत काय दिसते? गुहा, ढोल, नृत्य आणि पुढाऱ्यांची हजेरी. यात्रेची बातमी व्हावी, यात वादच नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. याच माणसांच्या रक्तात पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या सिकलसेलबद्दल ही माध्यमे समाजाला काय शिकवतात?

काही शिकवत नाहीत, असे नाही. ती चुकीचे शिकवतात. "आदिवासींचा आजार" हे त्यांचे आवडते शीर्षक. वास्तव काय? विदर्भात सिकलसेल गोंडांत आहे, परधानांत आहे आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. मग त्याला एका समाजाचे नाव का चिकटते? कारण आजारालाही जात लावली की बाकीचे निश्चिंत झोपू शकतात!

इतिहास पाहू. अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्यासारख्या आकाराच्या रक्तपेशींची नोंद केली. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या दोन वर्षांत विज्ञानाला हा आजार आपल्या भागात ठाऊक होता. पण लंडनच्या नियतकालिकातून ते ज्ञान सालेकसा, देवरीच्या पाड्यावर कोण पोचवणार होते? ज्यांच्या हाती छापखाने होते, त्यांच्या घरात हा आजार नव्हता.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे काळ्या समाजाच्या या आजाराकडे संशोधनाचा पैसा वळत नाही, हे डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी १९७० मध्ये मांडले. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने स्वतःच्या वृत्तपत्रातून सिकलसेलवर रान उठवले आणि वस्त्यांमध्ये मोफत रक्ततपासणी सुरू केली. १९७२ मध्ये अमेरिकन सरकारला सिकलसेलसाठी कायदा करावा लागला. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांचे नाव घेतले, बाणा घेतला, कवितेची धार घेतली. मात्र त्यांची रक्ततपासणीची शिबिरे आपल्या चळवळीच्या स्मरणात राहिली नाहीत. ही टीका आम्ही आमच्यावरच करतो आहोत.

त्या इतिहासात एक इशाराही आहे. तपासणीची घाई झाली, समजावून सांगणे मागे पडले. वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांपर्यंत नीट गेला नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीने तर १९८१ पर्यंत सिकलसेल वाहकांना दारातच अडवले. अर्धवट माहिती भेदभावाचे हत्यार कशी बनते, ते इथे दिसते.

म्हणून साधे विज्ञान लक्षात ठेवा. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आला तर माणूस वाहक. तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. दोघांकडून आला तर रुग्ण. त्याला रक्तक्षय होतो, असह्य वेदनांचे झटके येतात. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तो पाप नाही, 'वाईट रक्त' नाही. वाहकांना मलेरियाच्या घातक रूपापासून काही संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हा गुण टिकला. प्रश्न भूगोलाचा आहे, जातीचा नाही.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ चे उद्दिष्ट. माध्यमांनी सोहळा दाखवला. पण तपासणीनंतर पुढे काय? हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात नियमित मिळतात का? 'वाहक' म्हणून मुलीचे लग्न मोडले तर जाब कोणाला विचारायचा? हे प्रश्न पहिल्या पानावर येत नाहीत.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 'केसरी'ने पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. म्हणूनच १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' असा प्रवास घडला. ज्याचे दुःख, त्याच्याच हाती त्याचे माध्यम हवे!

कचारगडची कथा सांगते की मुले गुहेत कोंडली गेली होती, तोंडावर शिळा होती आणि हिरासुका पाटालीराच्या संगीताने ती सुटली. किंगरी वाजवत गावोगाव इतिहास सांगणारे परधान हे या समाजाचे सर्वांत जुने माध्यम. मग तरुण मित्रांनो, पुढच्या यात्रेत आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुस्तकांच्या दुकानाशेजारी सिकलसेल तपासणीचा एक टेबल मांडा. गोंडीत, झाडीबोलीत, मराठीत समजावून सांगणारा माणूस तिथे बसवा. कोणाचाही अहवाल गुप्त ठेवा. आपला मोबाइल हाच आपला 'मूकनायक' करा.

शिळा बाहेरचा कोणी येऊन हटवणार नाही.

जय भीम! जय सेवा!