अनारसा, अइरसा आणि बिंबाजी

स्वयंपाकघराचे दप्तर कोणी ठेवीत नाही. सनदा, तहनामे, वसुलाचे आकडे यांची जपणूक होते. परंतु ज्या पदार्थाच्या वासासरशी सारे बालपण डोळ्यांपुढे उभे राहते, तो आपल्या घरात कोठून आला, याचा चिटोराही सापडत नाही. आम्ही पेशाने कारकून. कागदावाचून काही मान्य करणे आमच्या अंगवळणी नाही. तरीही नवा रायपुरात बदली होऊन आल्यावर एका पदार्थाने आम्हांला इतिहासाची पाने चाळावयास लावली.

गोष्ट २०२३ च्या अधिक श्रावणातली. आदल्या वर्षी आमच्या मातोश्री निवर्तल्या होत्या. जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याचा हा महिना. त्यांनी तो कधी चुकविला नव्हता. त्यांच्या वहीत कृती होती : तांदूळ तीन दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावे, गूळ अंदाजाने. वही राहिली, अंदाज मात्र त्यांच्याबरोबर गेला. सौभाग्यवतींनी घाणा घातला आणि सारे अनारसे कढईत हसले. राखी गावच्या एक बाई वसाहतीत येत असत. गूळ अधिक झाला, असे सांगून त्यांनी पिठीत आणखी पिठी मळली. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरून गुळाच्या पाकातला अइरसा आणून दिला. खसखस नव्हती, आकारही जाडसर. आमच्या सहा वर्षांच्या कन्येने एक घास घेतला आणि म्हणाली, “हा आजीचा.”

आमच्या मनात तत्काळ एक सोयीचा सिद्धान्त तयार झाला. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांनी रतनपुरावर स्वारी केली; १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी येथे राज्य केले. मराठी भाषा आणि मोडी लिपी त्यांच्या कारभाराबरोबर या प्रांती आली. विजयादशमीस सोन्याची पाने वाटण्याची येथली चालही इतिहासकार त्यांच्याच नावे नोंदवितात. मग अनारसाही त्यांच्याच लवाजम्यातून आला असला पाहिजे! परक्या मुलखात आपले काही सापडले की ते आपणच दिले, असे मानण्याचा मोह बदलीवरच्या माणसाला फार.

पण हा सिद्धान्त टिकला नाही. भिजविलेल्या तांदळाची पिठी आणि गूळ यांचा हाच तळलेला पदार्थ तेलुगु घरांत अरिसेलु, तमिळ घरांत अधिरसम्, ओडिया घरांत अरिसा या नावांनी होतो. एवढ्या विस्तीर्ण पट्ट्यात तो एकट्या भोसल्यांनी वाटला, असे म्हणणे म्हणजे पुराव्यावाचून वतन मागणे होय. छत्तीसगड हा तर धानाचा मुलूख. येथल्या गृहिणींना तांदळाची पिठी शिकवावयास नागपूरकरांची वाट पाहावी लागली असेल, हे पटत नाही.

उलट ज्याला आपण खास आपले म्हणतो, त्याचीही वंशावळ पाहावी. आमच्या घरची एकादशीची खिचडी घ्या : साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचण्यापूर्वी आपल्याकडे कोणाला ती ठाऊक नव्हती. तरी मातोश्रींच्या तोंडी ती ‘पूर्वापार’ होती, आणि आम्ही कधी हरकत घेतली नाही. पूर्वापार म्हणजे बहुधा आजीच्या आठवणीपर्यंतचे.

हे सारे कन्येला कसे सांगावे, हा प्रश्न उरतो. तिला आजीची चव आठवते की नुसता गुळाचा वास, हे आम्हांस कळणार नाही. आज ती चीला मागते, ठेठरी मागते; नागपूरला गेल्यावर धिरड्याला चीलाच म्हणते, आणि आमच्या भगिनी हसतात. पुढची बदली कोठे होईल, सांगता येत नाही. सौभाग्यवतींनी मात्र वहीतल्या ‘गूळ अंदाजाने’ या शब्दांपुढे वाटीचे माप पेन्सिलीने लिहून ठेविले आहे. ते माप राखीच्या बाईंचे आहे.