मोटारीची कॉइल आणि कोंकणचा पाऊस

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा वाफ, पोलाद आणि चाकें यांच्यापाशींच रमतात. मोटारीच्या बॉनेटखालीं निमूटपणें बसलेल्या कॉइलकडे त्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. परंतु पेट्रोलची मोटार ज्या ठिणगीवर जगते ती ह्याच लहानशा डब्यांत जन्म घेते, आणि ह्या डब्याची कुळकथा मोटारीहून पन्नास वर्षांनीं जुनी आहे.

इ. स. १८३१ मध्यें फॅरडेनें चुंबकत्वापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न करून दाखविला. पुढें पांचच वर्षांनीं आयर्लंडांतील मेनूथ येथील कॉलेजांत निकोलस कॅलन नांवाच्या धर्मोपदेशक प्राध्यापकानें लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे गुंडाळले. जाड तारेंतील प्रवाह एकाएकीं तोडला, कीं बारीक तारेंत प्रचंड दाबाची वीज क्षणभर उसळते, हें त्यास आढळलें. हा दाब अजमावण्यासाठीं तो आपल्या विद्यार्थ्यांसच धक्के देऊन पाही. आमच्या व्यवसायबंधूंनीं हा प्रघात पुढें चालविला नाहीं, हें विद्यार्थिवर्गाचें भाग्यच म्हटलें पाहिजे! कीर्ति मात्र पॅरिसच्या रूमकॉर्फ या कारागिरास लाभली. १८६४ सालीं तिसऱ्या नेपोलियननें ठेविलेलें ५०,००० फ्रँकांचें पारितोषिकही त्यासच मिळालें. कॅलनवर हा अन्याय झाला खरा. तथापि तारेच्या वेढ्यावेढ्यांमध्यें वीज फुटूं नये म्हणून रूमकॉर्फनें जी मेहनत घेतली, तिच्यावांचून कॉइल प्रयोगशाळेबाहेर पडली नसती.

ती बाहेर पडली १८६० सालीं, लन्वारच्या गॅस-एंजिनांत. १८८६ च्या जानेवारींत बेंझनें आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट मागितलें, तेव्हां तिच्यांतही बॅटरी आणि कॉइलच होती. त्याचा प्रतिस्पर्धी डेमलर हा तापलेल्या नळीनें वायु पेटवी. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ गाडींत चार सिलिंडरांस चार कॉइली असत. लांकडी पेटींत डांबर ओतून त्या बंद केलेल्या असत. वरची थरथरणारी पट्टी मालकास स्वतः जुळवून घेतां येई, आणि एक कॉइल निकामी झाली तर ती उपसून दुसरी बसवितां येई. पुढें केटरिंगनें १९१० च्या कॅडिलॅकसाठीं एकच कॉइल, तिचा प्रवाह तोडणारे पॉइंट आणि ठिणगी वांटून देणारा डिस्ट्रिब्युटर अशी व्यवस्था केली. तीच पाऊणशें वर्षें जगभर चालली. चार सिलिंडरांचें एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असतां ह्या एकट्या कॉइलीस सेकंदास शंभर ठिणग्या द्याव्या लागत. १२ व्होल्टांचे हजारों व्होल्ट करणें हें तिचें काम.

आतां दापोलीकडे वळूं. १८७५ सालीं धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडहून परीक्षेसाठीं भर पावसांत साताऱ्यास पायीं गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेस न बसतां परतले. ज्या मुलखांत घाट आणि पाऊस यांनीं माणसाची अशी परीक्षा पाहिली, तेथें मोटार ही चैनीची वस्तु कधींच नव्हती. बंदरावर आगबोटीची वाट पाहणाऱ्या दापोलीकरांस रस्ता आणि गाडी यांनीं मुंबई-पुणें जवळ आणून दिलें. रात्रीं खेडच्या इस्पितळांत रोगी न्यावयाचा असतां गाडी घाटांत बंद पडली, तर चिमूटभर ठिणगीचें मोल किती असतें हें वेगळें सांगावयास नको.

आणि कोंकणचा पाऊस हा कॉइलीचा खरा वैरी. हर्णै-मुरूडकडून येणाऱ्या वाऱ्यांत मीठ असतें. तें धुळीबरोबर कॉइलीच्या डोक्यावर आणि तारांवर बसतें, आणि दमट हवेनें ओलावलें कीं विजेस आडवाट मिळते. ठिणगी प्लगांत न पडतां बाहेरच सांडते. अंधारांत बॉनेट उघडलें तर ती निळसर नाचतांना दिसते. (पाहावी, पण हात लावूं नये.) पुष्कळदां अशा वेळीं कॉइल बदलण्याचें कांहींएक कारण नसतें, एंजिन बंद करून कॉइलीचें डोकें, जाड तार आणि डिस्ट्रिब्युटरचें झांकण कोरड्या फडक्यानें पुसलें कीं गाडी चालूं लागते.

कुर्ल्याच्या कारखान्यांत गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत निघालेली पद्मिनी ज्यांनीं जपून ठेविली आहे, त्यांस हें सारें ठाऊक असतें. एंजिन थांबवून किल्ली चालू ठेवली आणि पॉइंट मिटलेले राहिले, तर कॉइल भाजून निघते. थंड असतां चालणारी आणि तापल्यावर दम सोडणारी कॉइल मात्र बदललीच पाहिजे. नवी घेतांना तिच्या जाड तारेचा रोध जुनीइतकाच आहे ना, हें मीटरनें पाहावें. बाहेर वेगळा रोधक जोडून वापरावयाची कॉइल त्याच्यावांचून बसविली तर तीही जळते आणि पॉइंटही जळतात.

अलीकडच्या गाड्यांत पॉइंट गेले, डिस्ट्रिब्युटर गेला; बहुतेकींत प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आली. म्हणजे फोर्डच्या चार पेट्या शंभर वर्षांनीं परत आल्या म्हणा ना! भेद इतकाच, कीं आतां जुळवून घेण्याजोगें कांहीं उरलें नाहीं. संगणक यंत्र दोषाचा आंकडा सांगतें, कारागीर कॉइल फेंकतो, मालक पैसे मोजतो. आमचा आक्षेप नव्या कॉइलीस नाहीं, आंकड्यावर थांबण्यास आहे. आंकडा कोणता सिलिंडर चुकतो तें सांगतो, कां चुकतो तें सांगत नाहीं. झिजलेल्या प्लगाची फट वाढली कीं कॉइलीस अधिक दाब द्यावा लागतो आणि ती अकालीं फुटते. प्लगाच्या खळग्यांत तेल किंवा पावसाचें पाणी साचलें कीं खालची रबरी टोपी कुजून चिरते. चालकानें संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरावर बसवून पाहिली, आणि दोष तिच्याबरोबर गेला, तरच ती दोषी. जागच्या जागीं राहिला तर प्लग, तार वा इंधन तपासावें. आणि नवी कॉइल बसविण्यापूर्वीं तो खळगा कोरडा केला आहे कीं नाहीं, हें कारागिरास पैसे देण्याआधीं विचारावें.