एक छावणी, दोन निर्वासित

‘लष्कर’ हे नाव आपण ग्वाल्हेरकर इतक्या सवयीने उच्चारतो की त्याचा अर्थ ध्यानातच येत नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचंच शहर झालं. तुमचे-माझे पूर्वज त्या तळासोबत किंवा त्याच्या मागून आले. राज्यकर्त्यांबरोबर आल्यामुळे त्यांना कुणी निर्वासित म्हटलं नाही.

आता दुसऱ्या एका तळाची हकिकत सांगतो. माझं आजोळ कोल्हापूरकडचं. मिरजेहून कोल्हापूरला जाताना वळिवडे स्टेशन लागतं. तिथे १९४३ मध्ये छावणी उभी राहिली आणि सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहायला आली. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरियाकडे धाडलं होतं. हिटलरने रशियावर चाल केल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोहोचली. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. आजोळी त्या ‘गोऱ्या पाहुण्यां’बद्दल सगळे मायेने बोलत. पाहुणे परत जाणार, हे मात्र सगळ्यांनीच धरलेलं होतं.

पण परत जायचं कुठे? त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. ज्या पोलिश सरकारचा लंडनहून आधार होता, त्याची मान्यता ब्रिटनने जुलै १९४५ मध्ये काढून घेतली. पुढच्या दोन-तीन वर्षांत छावणी पांगली. कुणी पोलंडला, कुणी ब्रिटनला, कुणी आणखी दूर गेलं.

रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. वस्तीचं नाव गांधीनगर पडलं. आज तिथे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आमचे नातेवाईक तिथेच जातात.

या दोघांत फरक पाडला तो कागदाने, असं माझं मत आहे. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना नागरिक मानलं. नंतर आलेल्यांसाठी नोंदणी ठेवली. मत आणि हक्क हाती आल्यावर बराकीतला माणूस दुकान टाकतो, उधारी देतो, भांडतोसुद्धा. गेलेल्या पाहुण्यांचं स्मरण सोपं असतं. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे. राहिलेल्यांशी आपण घासाघीस करतो.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. तिबेटी आले तेव्हा वसाहती मिळाल्या, १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक आले तेव्हा छावण्या मिळाल्या. कुणाला काय मिळेल, हे त्या त्या वेळच्या सरकारवर राहिलं.

बिर्ला नगरमधल्या माझ्या दवाखान्यात केसपेपरवर ‘मूळ गाव’ असा रकाना आहे. जे.सी. मिलमध्ये कामाला आलेले वृद्ध अजून उत्तर प्रदेशातलं आपलं खेडं सांगतात. मिल १९९० च्या दशकात बंद पडली, तरी ते परत गेले नाहीत. त्यांची नातवंडं ‘बिर्ला नगर’ असं सांगून मोकळी होतात. मराठी पेशंट मात्र सातारा, वाई नाहीतर कोकणातलं गाव लिहवून घेतात. मी विचारतो, “शेवटचे कधी गेला होता, काका?” बहुतेकजण हसतात. परवा एकजण म्हणाले, “मी नाही हो, आजोबा गेले होते बहुतेक.” त्यांचा मुलगा पुण्यात असतो, तिथे त्याला सगळे ‘एमपीवाला’ म्हणतात.