कनिष्ठ गटातील धावा आणि पुढील कारकीर्द

२०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात भारताचा कर्णधार असलेल्या जालन्याच्या विजय झोल याने २०११ मध्ये कनिष्ठ गटाच्या कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. तरीही वरिष्ठ भारतीय संघात त्याला स्थान मिळाले नाही, आणि त्याच्या विश्वचषक संघातील मुंबईकर श्रेयस अय्यर मात्र पुढे कसोटी खेळला. कनिष्ठ गटातील आकड्यांवरून पुढची कामगिरी ताडण्याची पद्धत इतर खेळांत आहे; आइस हॉकीत कनिष्ठ खेळाडूच्या दर सामन्यातील गुणांना, म्हणजे गोल व गोलसाहाय्य यांच्या बेरजेला, त्या लीगच्या दर्जानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून व्यावसायिक कामगिरीचा अंदाज बांधतात. अशा गुणकाला अनेक हंगामांच्या नोंदींचा आधार लागतो. क्रिकेटमधील एकाच डावाच्या धावसंख्येतून मात्र, ती कितीही मोठी असली तरी, प्रतिस्पर्धी गोलंदाजीचा कस आणि खेळपट्टीचा स्वभाव वजा करता येत नाही, म्हणून झोलच्या त्या असामान्य खेळीला भाकीत मानणे त्याच्यावरच अन्यायाचे ठरते.