कापसाच्या भावातला शेवटचा अंक

पुण्याच्या मार्केट यार्डातले भाव वर्तमानपत्रात छापून येतात. फळभाज्यांचे दहा किलोंचे, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे, भुसार मालाचे क्विंटलचे. हा तक्ता एकदा वर्गात न्यावा आणि मुलांना एकच काम सांगावे : प्रत्येक भावातला शेवटचा अंक तेवढा वहीत उतरवून घ्या. पाच मिनिटांत मुले कंटाळतील, कारण जवळजवळ सगळीकडे शून्यच येते. शेवटून दुसरा अंक पाहिला, तर शून्य आणि पाच यांखेरीज फारसे काही सापडत नाही.

याचे कारण उघड आहे. आडत्या आणि खरेदीदार घासाघीस करतात ती पाच-दहा किंवा पन्नास-शंभर रुपयांच्या पायऱ्यांनी. पूर्वी बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरत. बोटांवर मावणारे आकडे गोळाबेरीज असणारच. नियंत्रित बाजार आले, उघड लिलाव आले, पण भाव गोल आकड्यांतच राहिले.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात एका पौंडाचा भाव सेंटमध्ये आणि सेंटच्याही शंभराव्या भागापर्यंत सांगितला जाई. समजा, भाव ३३.४७ सेंट आहे. यातले ३३ कोणाही व्यापाऱ्याला आदल्या दिवशी साधारण सांगता येतील. चारच्या बाबतीत जाणकार अंदाज बांधील. शेवटचा ७ मात्र कोणालाच सांगता येणार नाही. हजारो सौद्यांच्या रेटारेटीतून तो उरतो, आणि शून्यापासून नऊपर्यंतचा कोणताही अंक तिथे जवळजवळ सारख्याच शक्यतेने येतो. मुंबईच्या जुगाराचा सर्वांत गाजलेला प्रकार या एका अंकातून जन्मला.

जुगार म्हटले की आपल्याला फासे आणि पत्ते आठवतात. पण मोठ्या जनसमूहाने एकाच वेळी पैज लावायची, तर एक अडचण येते. प्रत्येकाने फासा टाकलेला पाहणे शक्य नसते. म्हणून सर्वांना कळेल, पण कोणालाही वळवता येणार नाही, असा एक आकडा बाहेरून कुठून तरी मिळावा लागतो. मुंबईचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर तो अशा आकड्याच्या शोधाचा इतिहास दिसतो.

पहिला टप्पा अफूचा. कलकत्त्याला कंपनी सरकार अफूच्या पेट्यांचा लिलाव करीत असे. त्या लिलावात सरासरी भाव काय निघेल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावत. हरलेल्याने पैसे दिले नाहीत, म्हणून रामलाल ठाकूरसीदास विरुद्ध सुजानमल धोंडमल हा दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथे १८४८ साली निकाल लागला की अशी पैज कोर्टात वसूल करता येते. इंग्लंडमध्ये पैजेचे करार रद्दबातल ठरवणारा कायदा १८४५ सालीच झाला होता, पण तो हिंदुस्थानला लागू नव्हता. मग त्याच वर्षी, म्हणजे १८४८ मध्येच, इथेही तसा कायदा करावा लागला. कायद्याच्या पुस्तकात हा खटला रुक्ष वाटतो. गणिताच्या शिक्षकाने वाचला, तर त्यात वेगळीच गंमत आहे. लिलावातला सरासरी भाव हा काही निसर्गाने ठरवलेला आकडा नव्हे. ज्याने मोठी पैज लावली आहे, त्याने कलकत्त्याला माणूस धाडून चार पेट्या अवाच्या सवा भावाने घेतल्या, तर सरासरी वर जाणार. पेट्यांवरचा तोटा पैजेतून भरून निघणार. सरासरी एका टोकाच्या आकड्याने किती हलते, हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागेल.

दुसरा टप्पा पावसाचा. पाऊस कोणाच्या हातात नाही. छपराच्या पन्हाळीतून ठरावीक वेळेच्या आत पाणी वाहील की नाही, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पैजांचा बाजार भरत असे. १८८७ च्या मुंबई जुगारबंदी कायद्याखाली पोलिसांनी खटला भरला. पण कायद्याने जुगाराची साधने म्हणून जे सांगितले होते, त्यात पाऊस बसेना. ढगाला फासा म्हणायचे कसे? अखेर १८९० साली कायदा दुरुस्त करून पैज लावणे हेच जुगारात धरण्यात आले. पावसाच्या पैजेत एक उणीव मात्र होती : ती पावसाळ्यातच चाले, आणि ज्याला आभाळ वाचता येते त्याला थोडा वरचष्मा मिळे.

कापसाच्या आकड्यात दोन्ही दोष नव्हते. १८६६ पासून अटलांटिकखालून तार चालू झाली, १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली. अमेरिकेतल्या भावाची बातमी मुंबईला पोहोचायला पूर्वी आठवडे लागत, ती आता त्याच दिवशी येऊ लागली. मुंबई तर कापसाचीच पेठ. न्यूयॉर्कचा उघडता भाव आणि बंद भाव कापूस बाजारात कळे, आणि त्यांच्या अंकांवर लोक पैसे लावत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मटक्यात आजतागायत टिकले आहेत. कापूस गेला, न्यूयॉर्क गेले, शब्द मागे राहिले.

हे मुंबईतच घडले असे नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२० च्या दशकात तीन आकड्यांचा जुगार जोरात होता, आणि आकडा घेतला जाई तो बँकांच्या क्लिअरिंग हाउसने रोज जाहीर केलेल्या रकमांमधून. बँकेचा हिशेब गरीब वस्तीतल्या एखाद्या दलालाला बदलता येत नाही, हीच त्याची हमी. खेळावरच्या पैजेला ही हमी नसते. अमेरिकेत बेसबॉलवर पैजा लावण्याची जुनी चाल आहे. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांशी संगनमत करून सामने हरल्याचा ठपका आला. १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना सोडले, पण बेसबॉलच्या आयुक्तांनी त्यांना जन्मभर खेळाबाहेर केले. अफूच्या लिलावातली सरासरी आणि सामन्याचा निकाल, दोन्ही माणसांच्या हातातले आकडे.

न्यूयॉर्कचे भाव मुंबईला मिळणे १९६१ च्या सुमारास बंद झाले. पैज लावणारे तयार, घेणारे तयार, आकडाच नाही, अशी स्थिती झाली. मग नसलेल्या मालाचे काल्पनिक उघडते-बंद भाव निघू लागले. कागदाच्या चिठ्ठ्यांवर शून्य ते नऊ अंक लिहून त्या मडक्यात टाकायच्या आणि काढायच्या. हाच मटका. कच्छहून आलेल्या आणि वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये ‘वरळी मटका’ सुरू केला. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी नियमांत थोडे फेरफार करून ‘न्यू वरळी मटका’ काढला. चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा अंक तो ‘ओपन’. रात्री पुन्हा तीन पत्ते, तो ‘क्लोज’. फार लहान रक्कमही चालत असल्याने लालबाग-परळ-वरळीच्या गिरणगावात तो घरोघर पोहोचला आणि तिथून राज्यभरच्या हमाल, हातगाडीवाले, रोजंदारीवाले यांच्यापर्यंत गेला.

इथे एक मोठा बदल झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तोच महत्त्वाचा आहे. कापसाच्या काळात पैज घेणाऱ्यालाही आकडा माहीत नसे. मटक्यात आकडा काढणारा आणि पैसे गोळा करणारा एकच झाला. कोणत्या अंकावर किती पैसे लागले, हे त्याला आकडा काढण्यापूर्वी कळू शकते. समजा, दहा अंकांवर मिळून १००० रुपये लागले आहेत आणि सर्वांत कमी, ४० रुपये, तीनवर आहेत. तीन काढला, तर नऊ पटीने ३६० रुपये वाटावे लागतात, ६४० उरतात. खत्री लोकांसमोर पत्ते काढीत, अशी त्यांची ख्याती होती. त्या ख्यातीवर धंदा उभा होता, याचा अर्थ लावणाऱ्यांनाही धोका कळत होता.

पण आकडा अगदी प्रामाणिकपणे काढला, असे धरले तरी काय होते? रूढ दर असे होते : एका अंकावर रुपयाला ९, ओपन-क्लोजच्या जोडीवर रुपयाला ९०. ठिकाणाप्रमाणे ते थोडे कमीजास्त असत. दहांतला एक अंक येण्याची शक्यता १/१०, म्हणून रुपयामागे सरासरी ९० पैसे परत. जोडीची शक्यता १/१००, तिथेही ९० पैसेच. दहा टक्के तोटा फारसा वाटत नाही. परंतु मिळालेले पैसे पुन्हा लावले जातात, आणि दहा टक्के प्रत्येक फेरीत जातात. शंभर रुपये दहा वेळा फिरले, की ०.९ चा दहावा घात म्हणजे सरासरीने ३५ रुपये उरतात.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या पैजांनाही हेच माप लावता येते. तिथे एका संघापुढे उणे १५० आणि दुसऱ्यापुढे अधिक १३० असे आकडे लिहिलेले असतात. पहिल्याचा अर्थ, १०० मिळवायला १५० लावा. म्हणजे २५० पैकी १५०, अथवा ६० टक्के शक्यता धरली आहे. दुसऱ्याचा अर्थ, १०० लावून १३० मिळवा. म्हणजे २३० पैकी १००, सुमारे ४३.५ टक्के. बेरीज १०३.५ येते. दोनच निकाल शक्य असताना शक्यतांची बेरीज १०० हवी. वरचे साडेतीन पैज घेणाऱ्याचे. मटक्यात दहा अंक, प्रत्येकाचा भाव नऊस एक, म्हणून बेरीज दहा-नवमांश, म्हणजे १११ टक्क्यांवर जाते.

तीन पत्त्यांच्या संचाला ‘पत्ती’ म्हणत. क्रम सोडला तर तीन अंकांचे २२० संच होतात : तिन्ही वेगळे १२०, दोन सारखे ९०, तिन्ही सारखे १०. प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २२ संच येतात. हे मोजून पाहण्यापेक्षा विचाराने सिद्ध होते. प्रत्येक अंकात एक मिळवला (नवानंतर शून्य), तर बेरजेचा शेवटचा अंक तीनने पुढे सरकतो. तीनतीनने उड्या मारत गेले की दहाही अंकांवर एकएकदा पाय पडतो. म्हणून कोणताही अंक लाडका राहत नाही. नववीच्या हुशार मुलांना हे कोडे जरूर घालावे.

पत्तीचे रूढ दर १४०, २८० आणि ६०० होते. मडक्यातली चिठ्ठी दर वेळी परत टाकली, तर एका विशिष्ट पत्तीची शक्यता हजारात अनुक्रमे ६, ३ आणि १ येते. रुपयाचे ८४ पैसे, ८४ पैसे, ६० पैसे. आता राजा, राणी, गुलाम काढून उरलेल्या ४० पत्त्यांतून तीन एकदम ओढले असे समजा. एकूण ९,८८० प्रकार, त्यांत या तीन जातींच्या एकेका पत्तीला ६४, २४ आणि ४. म्हणजे रुपयाचे अनुक्रमे सुमारे ९१, ६८ आणि २४ पैसे. दर तेच, आकडेही तेच, आणि रुपयाला सहाशेचे आमिष दाखवणारी पत्ती रुपयातले शहात्तर पैसे खाऊन टाकते. एक पत्ता काढला की त्या अंकाचे तीनच उरतात, एवढ्यानेच हे घडते.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या. सरकारने १९६९ मध्येच महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू केली होती. संसदेच्या १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यात एक अट अशी आहे की एकाच अंकावर बक्षीस देता येणार नाही. ही अट कुठून आली असावी, हे आता वाचकांच्या लक्षात येईल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही संसदेने केला.

मटक्यावर आणखी एक जोडधंदा जगला, तो मागील आकड्यांचे तक्ते विकणाऱ्यांचा. ‘सात बरेच दिवस आलेला नाही, आता येणारच’ हा त्यांचा माल. डब्यात शून्य ते नऊ चिठ्ठ्या टाकून वर्गात वीस वेळा काढून पाहावे, दर वेळी चिठ्ठी परत टाकून. वीस वेळांत दहाही अंक निदान एकदा दिसले, असे साधारण पाचांतल्या एकाच खेपेला घडते. उरलेल्या चार खेपांना एखादा तरी अंक रुसलेला असतोच, आणि एकविसाव्या वेळी त्याची शक्यता पुन्हा दहांत एकच असते.