मनिऑर्डरची पोच
गावी पैसे धाडणे हा परप्रांती स्थायिक झालेल्या आम्हां मराठी कुटुंबांच्या इतिहासातील एक उपेक्षित अध्याय होय. टपाल खात्याने १८८० साली मनिऑर्डर सुरू केली. पुढे वीस रुपयांमागे एक रुपया हशील पडू लागले. बँकेचा ड्राफ्ट वटविण्यास वृद्ध मातापित्यांना तालुक्याची वाट धरावी लागे. परगावचा धनादेश वटेपर्यंत सण उलटून जाई. २००५ साली एनईएफटी व २०१६ साली यूपीआय आले आणि ती प्रतीक्षा सरली. तत्पूर्वीच, २०१५ साली, जुनी मनिऑर्डर बंद झाली होती. तिच्या कुपनावर आम्ही खुशाली लिहीत असू. परतणाऱ्या पोचपावतीवर आईचा अंगठा उमटलेला असे. पैशासोबत दोन ओळी धाडण्याचा तो परिपाठ आपण मोडू नये.