रहमतीचे दार

बेंबळीकडची आमची माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला जातात आणि मस्जिद स्टेशनवर उतरली की नाव वाचून त्यांना बरे वाटते. जवळपास आपली एखादी जुनी मशीद असणार, असे आम्ही गृहीतच धरतो. मशीद आहे, पण बेने इस्राईल यहुद्यांची! सॅम्युएल स्ट्रीटवरच्या त्यांच्या सिनेगॉगला ते मराठीत ‘जुनी मशीद’ म्हणत. त्यावरूनच स्टेशनला नाव पडले असे सांगतात.

हे सिनेगॉग 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी उभारले. 1860 मध्ये ते आजच्या जागी आले. गावावरून आडनाव घेणारा, मराठी बोलणारा, कोकणात तेलाचे घाणे चालवणारा हा समाज. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. बेने इस्राईलांमध्ये आख्यायिका अशी, की कैदी ‘बनी इस्राईल’ आहेत हे कळताच टिपूच्या आईने कुरआनातल्या उल्लेखाची आठवण देऊन त्यांचे प्राण वाचवले. दंतकथेला कागदी पुरावा मागू नये. ज्याने कैद केले त्याच्या घरची आठवण या लोकांनी प्रेमाने जपली, हे आम्हांला मोठे वाटते. सुटकेनंतर बांधलेल्या वास्तूचे नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे रहमतीचे दार. हिब्रूतले रहामीम आणि आपली रहमत एकाच धातूतून आले आहेत.

पुण्याच्या कॅम्पातले 1867 चे लाल विटांचे सिनेगॉग मात्र ‘लाल देऊळ’! मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ. ते बांधायला घेणारे बगदादचे डेव्हिड ससून 1864 साली वारले. त्यांची कबर त्याच आवारात आहे.

2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर अशा ठिकाणी ओळखपत्र दाखवावे लागते. एका दारावर आमची नावे वाचताना पहारेकऱ्याची नजर जरा अडखळली. त्याचा राग आला नाही, वाईट मात्र वाटले. पॅलेस्टाईनची सल आमच्याही मनात आहेच. पण तिचा हिशेब सामाजी हसाजींच्या वंशजांकडे कसा मागणार?

1948 नंतर त्यांच्यातले बहुतेक जण इस्राईलला गेले. भायखळ्यात मागेन डेव्हिड सिनेगॉगशेजारी जेकब ससून यांच्या नावाची शाळा आहे. यहुदी मुलांसाठी निघालेल्या त्या शाळेत आता बहुसंख्य मुले मुसलमानांची शिकतात.